फळी उचलली की गाडी दिसली पाहिजे: ८८ इंची लँड रोव्हरसाठी फ्लोअर आणि ड्रॉवरचा संच

माझी गाडी सिरीज थ्री लँड रोव्हर, ८८ इंची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ८८ इंच), पेट्रोल इंजिन, वर हार्डटॉप. तिच्या हौद्यात बसवायला प्लायचा तयार संच घेतला. त्यात उंच केलेलं फ्लोअर, त्याखाली दोन ड्रॉवर, दोन्हीकडच्या चाकाच्या खोक्यांवर झाकणाचे कप्पे, आणि पुढच्या पायाजवळच्या पत्र्यांसाठी आवाज कमी करणारे तक्ते एवढं येतं. ऊन, पाऊस, धूळ, सगळ्यात वापरून झाला. मत आधीच सांगून टाकते: फ्लोअर उत्तम, बाजूचे कप्पे त्याहून कामाचे, ड्रॉवर ठीकठाक, आणि सोबतचं माहितीपत्रक न वाचलेलं बरं.

असा कुठलाही संच हातात आला की मी पहिल्यांदा बघते, तो निघतो किती लवकर. बसवायला दोन दिवस लागले तरी चालतील. या गाडीचा गिअरबॉक्स वरून, केबिनमधून बाहेर काढतात. सीटखालचा डबा, पायाखालचे पत्रे आणि गिअरबॉक्सवरचा मधला बोगदा हे सगळं स्क्रूंवर असतं ते त्यासाठीच. मागेही तीच गत. दिव्याच्या अर्थिंगने रुसवा धरला, हौदा आणि मागच्या क्रॉसमेंबरमधली (चासीच्या मागच्या आडव्या दांडीमधली) माती काढायची झाली, की सगळं सामान बाहेर. तेव्हा ज्यांनी हौद्यात लाकडी कपाटंच चिकटवून टाकली आहेत त्यांचे फोटो बघायला छान वाटतात, पण त्यांच्या मेकॅनिकची मला दया येते.

या संचाने इथे बाजी मारली. फ्लोअर लांबीत दोन तुकड्यांत आहे. प्रत्येक तुकडा हाताने फिरवायच्या मोठ्या गुंड्यांच्या बोल्टांवर बसतो, पाना लागत नाही. ड्रॉवर बाहेर ओढायचे, गुंड्या सोडायच्या, डावा अर्धा उचलायचा. उजव्याला हात लावायची गरज नाही. मी एकटी काढते. दोन्ही तुकडे आणि कप्पे मिळून रिकाम्या संचाचं वजन ४५ किलोच्या आसपास भरतं. प्लाय १२ मिलिमीटरचा बर्च आहे, वर फिनॉलिक रेझिनचा जाळीदार थर, म्हणजे ओल्या बुटाने चढलं तरी पाय सटकत नाही. बरेच जण १८ मिलिमीटरचा प्लाय मागतात, ‘मजबूत हवं’ म्हणून. अहो, १२ मिलिमीटरचा बर्च चौरस मीटरला साधारण ८ किलो असतो, १८ चा १२ किलो. पाट्यांच्या स्प्रिंगवरच्या गाडीत मागच्या टोकाला दीडपट लाकूड कशाला वाहायचं? खालून आधाराच्या पट्ट्या जवळजवळ दिल्या की १२ पुरतो. या संचात त्या दिलेल्या आहेत, आणि मी मधोमध उभी राहून उड्या मारून बघितल्या आहेत.

कडांकडे मात्र लक्ष द्या. वरचा थर पाण्याला दाद देत नाही, पण प्लायला पाणी लागतं ते कापलेल्या कडेतून. बाहेरच्या कडा कारखान्यातच रंगवून आल्या होत्या. बोल्टांची भोकं आणि ड्रॉवरच्या मुठीची खाच मात्र कोरडी, पांढरी लाकडं. बसवण्याआधी तिथे पातळ इपॉक्सीचे दोन हात मारा. ब्रश भोकात फिरवायला कंटाळा येतो, तरी मारा.

आता धातूचं. या गाड्यांची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, चासी आणि फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) लोखंडाची. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाचं रेशनिंग होतं, म्हणून १९४८ च्या पहिल्या मॉडेलपासून बर्माब्राइट नावाचा मिश्रधातू वापरला गेला. तो स्वतः गंजत नाही असं समजून लोक निर्धास्त राहतात. पण लोखंड किंवा स्टेनलेस त्याला चिकटून बसलं आणि मधे ओल आली, की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. वायसरभोवती पांढरी भुकटी दिसायला लागते, बोटाने खरवडली की खाली खड्डा. संचाबरोबर चकचकीत स्टेनलेस बोल्ट येतात आणि माहितीपत्रक म्हणतं ‘आयुष्यभर गंजमुक्त’. बोल्ट गंजमुक्त राहतील हो, पत्र्याचं काय? बोल्ट छोटा आणि पत्रा मोठा असल्यामुळे झीज सावकाश होते, पण होतेच. नायलॉनचे बुश आणि वायसर पिशवीत होते, तेही मोजून, एकही जास्तीचा नाही. ते वापरा, वर बोल्टला गंजरोधक पेस्ट लावा, आणि खालून येणारे मोठे आधारपत्रे रबराच्या शीटवर बसवा.

एका गोष्टीसाठी बनवणाऱ्याला मनापासून शाबासकी. नवीन भोक एकही पाडावं लागत नाही. आडव्या बाकांसाठी चाकाच्या खोक्यांवर जी मूळ भोकं असतात तीच वापरली आहेत. जुन्या गाडीच्या पत्र्यात ड्रिल घालताना ज्यांचा हात थरथरतो त्यांना याची किंमत कळेल. पातळ अ‍ॅल्युमिनियममध्ये रिव्हनट (पत्र्याच्या भोकात रिव्हेटसारखे बसणारे नट) बसवून त्यावर वजन टांगायचा मोह या रचनेत टळतो. ते रिव्हनट एकदा जाम झाले की बोल्टाबरोबर गरगर फिरतात आणि शेवटी ग्राइंडर आणावा लागतो.

पाण्याचा विचार अर्धाच केलाय. फ्लोअर थेट पत्र्यावर न टेकता रबरी पट्ट्यांवर बसतं, ही कल्पना बरोबर. पाणी या गाडीत येतंच; दाराच्या फटीतून, छताच्या सांध्यातून, फाळक्याच्या (मागच्या खाली पडणाऱ्या झडपेच्या) बाजूने. ते वाहून जायला हवं. पण बसवायच्या नकाशात पट्ट्या आडव्या दाखवल्या आहेत! म्हणजे पाणी फाळक्याकडे जायच्या ऐवजी प्रत्येक पट्टीमागे तळं करून बसतं. मी पट्ट्या उभ्या लावल्या, पुढून मागे. नळी धरून बघितलं, पाणी सरळ फाळक्याखालून गळालं. आणि हो, फ्लोअरखाली नमदा किंवा गालिचा घालायचा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्या. ओला नमदा वाळत नाही, आणि हौद्याखाली लोखंडी आधार आहेत, ते गंजतात.

ड्रॉवर. दोन आहेत, दोन्ही चाकांच्या खोक्यांच्या मधल्या जागेत, म्हणजे अरुंद आणि लांब. बॉल बेअरिंगच्या सरकपट्ट्यांऐवजी खाली घट्ट प्लास्टिकच्या, यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलीनच्या पट्ट्या दिल्या आहेत. ही निवड मला पटली. बेअरिंगमध्ये धूळ गेली की किरकिर सुरू होते, मग आपण तेल सोडतो, मग त्या तेलात धूळ कालवून पॉलिश पेपर तयार होतो. या पट्ट्या कोरड्याच चालतात, फडक्याने पुसल्या की झालं. तोटा हा की भरलेला ड्रॉवर ओढायला जोर लागतो आणि पूर्ण बाहेर काढला की खाली झुकतो. पान्यांचा ड्रॉवर मी निम्माच ओढते, मागचं सामान हात घालून काढते. त्यात वरचेवर लागणारं काही ठेवू नका.

कड्या ही या संचाची सगळ्यात कमकुवत बाजू. ढकलून बंद होणाऱ्या साध्या कड्या आहेत. खड्ड्यांच्या रस्त्यावर ठीक, पण दगडांच्या चढावर एक सुटली आणि भरलेला ड्रॉवर धाडकन फाळक्यावर आदळला. फाळका होता म्हणून निभावलं. दाबून घट्ट करायच्या, बोटींवर असतात तशा कड्या त्याच भोकात बसतात. बदलल्यावर खडखडाटही निम्मा झाला, कारण ड्रॉवर आता रबरावर ओढला जातो.

बाजूचे कप्पे ही खरी कमाई. चाकाच्या खोक्यावरची जागा एरवी वाया जाते, तिथे दोर, हातमोजे, जॅकचं हँडल, फनेल, पहिल्या मदतीची पेटी, सगळं वरून झाकण उघडून मिळतं. आत काय आहे ते एका नजरेत दिसतं. डाव्या कप्प्याबद्दल एक गंभीर तक्रार. माहितीपत्रक सांगतं, इथे शेगडीचा गॅस सिलिंडर ठेवा. कप्प्याला तळाशी एकही छिद्र नाही! एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचून राहणार, आणि या गाडीची पेट्रोलची टाकी सीटखाली. सिलिंडर आत ठेवायचाच असेल तर कप्प्याच्या तळातून थेट गाडीबाहेर निघणारी वाट पाहिजे. मी सिलिंडर बाहेरच्या ब्रॅकेटवर हलवला आणि कप्प्यात गमबूट ठेवले.

पुढच्या पत्र्यांचे तक्ते पटकन आटोपते. ब्युटाइल रबराचे आहेत, डांबराचे नाहीत, त्यामुळे तापल्यावर वास येत नाही की वितळत नाहीत. पूर्ण पत्रा मढवायची गरज नसते, मधला कंप पावणारा भाग झाकला तरी पत्र्याचा ढोल थांबतो. गिअरचा विव्हळ तसाच राहतो, तो या गाडीचा स्वभाव. ब्युटाइल उष्णता अडवत नाही, त्यासाठी वरून बंद पेशींचा फोम लागतो, तो संचात नाही. तक्ता पत्र्याच्या कडेपर्यंत नेऊ नका, स्क्रूची डोकी मोकळी राहू द्या. नाहीतर पुढच्या वेळी क्लचचं काम निघालं की सुरीने तक्ता सोलत बसाल.

झोपायच्या सोयीबद्दल जाहिरातीत फार लिहिलंय. पुढच्या सीटच्या पाठीवर टेकणारी जोडफळी येते. ती लावली की माझ्यासारखी बुटकी व्यक्ती तिरकी झोपू शकते. नवरा सहा फुटी, तो तंबूत झोपतो आणि तक्रार करत नाही. बसायला मात्र आता उंची कमी पडते, डोकं छताच्या पत्र्याला लागतं.

१०९ इंचीवाल्यांनी हाच संच ‘वाढवून’ मागवू नये. स्टेशन वॅगनमध्ये टाकी मागे असते, आधारांची जागा वेगळी, आणि लांब ड्रॉवरला मधे आधार हवा. ८८ इंचीवाल्यांनी आधी खोक्यांमधलं अंतर पुढे, मधे आणि मागे असं तीन ठिकाणी मोजावं. माझ्या हौद्याला कधीतरी मागून धक्का बसलेला आहे, मागे ७ मिलिमीटर कमी भरले, आणि उजव्या ड्रॉवरची बाजू रंध्याने तासावी लागली. मागवताना ही तीन मापं कळवलीत तर ते तसं कापून देतात.