ब्लू कार्डावर घरकर्ज: एस्लिंगनच्या ब्रोकर बाई

जर्मनीत पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, नसताना होम लोन मिळतं का, हे मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कोणीतरी विचारतंच, आणि दरवर्षी कोणीतरी ‘विसरा’ म्हणून मोकळं होतं. मिळतं. आम्हाला मिळालं, ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा मुदतीचा परवाना), आणि ते ज्यांनी घडवून आणलं त्या ब्रोकर बाईंबद्दल लिहिते आहे. स्टुटगार्टजवळच्या एस्लिंगनला त्यांचं एकटीचं ऑफिस आहे. नाव इथे टाकत नाही.

आधी गेलो होतो पगार जमा होतो त्या बँकेत. तिथल्या साहेबांनी सॅलरी स्लिपला हात लावण्याआधी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. परवाना मुदतीचा आहे, तेव्हा ३५ टक्के स्वतःचे घाला, नाहीतर पीआर घेऊन या. विषय संपला. खरं तर पीआर नसलेल्याला कर्ज देऊ नये असा इथे कायदा नाही. प्रत्येक बँकेचा आपापला नियम असतो आणि तो काउंटरवर कोणी समजावून सांगत नाही.

बाईंचं गिऱ्हाईक व्हायचं कारण नेमकं हेच आहे. कोणती बँक ब्लू कार्डाकडे कसं बघते, हे त्यांना तोंडपाठ आहे. पहिल्या भेटीत व्याजदराचा विषयही निघाला नाही. त्यांनी कार्डासोबत मिळणारा तो घडीचा कागद मागितला, जो आपण पासपोर्टच्या कव्हरात कोंबून विसरून जातो. मग जर्मन भाषेच्या बी-वन पातळीचं सर्टिफिकेट, आणि पेन्शन विम्यात किती महिने पैसे भरले त्याचा उतारा. ब्लू कार्डवाल्याला बी-वन असेल तर २१ महिन्यांनी पीआर मागता येते, नुसतं सुरुवातीचं ए-वन असेल तर २७. माझे २१ भरायला थोडेच महिने उरले होते, पण फ्लॅटवाला कशाला थांबतोय! बाईंनी एका पानाचं पत्र तयार केलं: अर्जदार अमुक महिन्यापासून पीआरला पात्र, हा पुरावा, हा उतारा. हे पान फाइलीत सगळ्यात वर लावलं. बँकेतला माणूस पहिलं पानच नीट वाचतो, असं त्यांचं म्हणणं.

दुसरी गोष्ट शूफाची, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीवरून प्रत्येकाला स्कोअर देणाऱ्या संस्थेची. चार बँकांत स्वतः फिरून कर्जासाठी अर्ज केले तर त्याच्या नोंदी स्कोअरला लागू शकतात. बाई सगळीकडे आधी फक्त दराची विचारणा करतात, तिचा स्कोअरवर परिणाम होत नाही. आणि भारतातल्या एनआरई (अनिवासी) खात्यातली एफडी ‘आहे’ म्हणून भागत नाही. ती मोडून पैसे इथल्या खात्यात आणा, बँकेला स्टेटमेंटवर दिसू द्या, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पुण्याच्या बँकेचा एफडीचा कागद त्यांनी कौतुकाने पाहिला आणि परत दिला.

आता आकडे, कारण शेवटी सगळे तेच विचारतात. फ्लॅट ४,२०,००० युरोचा. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये खरेदीवर ५ टक्के कर, म्हणजे २१,०००. नोटार (खरेदीचा करार करून देणारा सरकारमान्य वकील) आणि नोंदणी मिळून साधारण २ टक्के, एजंटचे ३.५७ टक्के. हे वरचे ४४,००० बँक धरत नाही, ते आपल्याच खिशातून. शिवाय किमतीचे १५ टक्के. एकूण लाखाच्या वर स्वतःचे गेले. उरलेल्या ३,५७,००० ला एका लहान स्थानिक बँकेने ३.७ टक्के दर दिला, दहा वर्षं पक्का, मुद्दलाची परतफेड वर्षाला २ टक्क्यांनी सुरू. महिन्याचा हप्ता १,६९६. वर्षाला ५ टक्क्यांपर्यंत जादा रक्कम दंडाशिवाय भरता येते. ही अट बाईंनी भांडून घातली. २०२१ मध्ये ज्यांना एक टक्क्याच्या आसपास मिळालं त्यांच्याशी तुलना करू नका, झोप उडते.

बाईंची फी शून्य, पण फुकट काही नसतं. कमिशन बँक देते, आणि करारापूर्वी मिळणाऱ्या माहितीपत्रकात ती रक्कम छापलेली असते. आमच्या कागदावर ती कर्जाच्या एक टक्का होती. मला त्यात गैर वाटलं नाही, पण ज्या बँका ब्रोकरमार्फत कर्ज देतच नाहीत त्या बाईंच्या यादीत नसणार, हे ध्यानात ठेवावं.

आता तक्रारी. बाऊश्पारफरट्राग, म्हणजे घरासाठीची बचत योजना, त्यांनी इतक्या वेळा पुढे केली की नवरा त्यांचा मेल आला की आधी तेच शोधायचा. मेलला उत्तर द्यायला फार वेळ घेतात. फोन केलात तर लगेच काम होतं. आणि नोटारचं तर त्यांनी सांगितलंच नाही. नोटार अख्खा करार मोठ्याने वाचतो, सत्यनारायणाच्या पोथीच्या वेगाने, आणि ज्याला जर्मन पुरेसं कळत नाही त्याच्यासाठी दुभाष्या लागतो. माझं भागलं, नवऱ्यासाठी आयत्या वेळी दुभाषी बाई शोधाव्या लागल्या, त्यांचे काहीशे युरो वेगळे. कराराचा मसुदा सहसा दोन आठवडे आधी हातात येतो, तेव्हाच ही व्यवस्था करून टाका.

पाचपैकी चार तारे. नवी नोकरी लागून प्रोबेत्साइटचे, म्हणजे परीक्षाकाळाचे, सहा महिने संपले नसतील तर मात्र आत्ताच जाऊ नका. आमच्या ओळखीच्या एका मुलाला पाठवलं होतं, त्याला बाईंनी फोनवरच सांगितलं, ‘नोकरी पक्की झाली की या,’ आणि भेटीची वेळसुद्धा दिली नाही.