वरून सोनं, खालून 1893: नक्षीदार शिकारी बंदुकीच्या खरेदीतली फसवणूक

नळ्या दस्त्यापासून सुट्या करून खालच्या बाजूचा फोटो पाठवायला विक्रेता तयार नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवा. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका मराठी संग्राहकाने हा फोटो मागितला नाही आणि त्याला मोठा भुर्दंड पडला.

बंदूक होती ठासणीची, दुनळी, टोपीवर (घोडा आपटताच पेटणाऱ्या स्फोटक दारूच्या छोट्या धातूच्या टोपीवर) उडणारी. ‘पॅरिसची घडण, सुमारे 1840, सर्व भाग मूळचे’ असं विक्रेत्याने ईमेलवर कळवलं होतं. लॉक प्लेटवर (घोड्याची यंत्रणा जिच्यावर बसवलेली असते त्या बाजूच्या पट्टीवर) हरीण आणि शिकारी कुत्रे, नळ्यांवर सोनेरी वेली, आक्रोडाच्या दस्त्यावर कोरीव पानं. फोटो भरपूर होते, पण सगळे वरून नाहीतर बाजूने काढलेले.

अशी बंदूक उघडण्याआधी गज (दारू ठासायची काठी) नळीत सोडून खोली मोजा. गज निपलच्या, म्हणजे टोपी बसवायच्या बोंडाच्या, पातळीपर्यंत जायला हवा. बोटभर जरी अलीकडे अडला, तरी आत जुनी दारू असू शकते. मग ती जाणकार कारागिराकडेच न्या. नळी रिकामी असेल तर गज काढून ठेवा, दोन्ही घोडे अर्ध्या खाचेवर आणा, पुढच्या लाकडातली आडवी पाचर लाकडी खुंटीने सरकवा आणि नळ्या तोंडाकडून उचला. मागची आकडी आपोआप सुटते.

या बंदुकीच्या नळ्यांखाली ठसा निघाला: लंबवर्तुळात ई, एल, जी ही अक्षरं आणि वर मुकुट. हा बेल्जियममधल्या लिएजच्या चाचणीगृहाचा, म्हणजे नळ्यांची मजबुती तपासणाऱ्या संस्थेचा, ठसा. अक्षरांचं लंबवर्तुळ 1810 पासूनचं, पण त्यावर मुकुट आला 1893 मध्ये. लिएजला ठासणीच्या बंदुका आफ्रिकेच्या बाजारासाठी विसाव्या शतकातही बनत होत्या. त्यांतलीच एक साधी बंदूक घेऊन तिला नटवलेलं होतं.

अर्थात एका ठशावर निकाल देऊ नये. जुनी नळी पुढे पुन्हा चाचणीला गेलेली असू शकते. म्हणून बाकीचं तपासलं, आणि तिथे शंकेला जागाच उरली नाही. नळ्यांवरची दमास्कसची नागमोडी नक्षी लाकडाखाली गेल्यावर संपत होती. खऱ्या दमास्कस नळीत लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून एकजीव केलेल्या असतात, त्यामुळे नक्षी खालीही सलग दिसते. इथे ती फक्त दिसणाऱ्या भागावर आम्लाने उठवलेली होती. सोन्याचंही तेच. खऱ्या कामात खाच कापून तिच्यात सोन्याची तार ठोकून बसवतात आणि भिंगाखाली तिची कड स्पष्ट दिसते. इथे नुसता मुलामा, कडांवर उडालेला आणि खालचा धातू दाखवणारा. हरणाच्या कोरीव रेषा तळाशी गोलसर आणि बारीक खड्ड्यांनी भरलेल्या होत्या, म्हणजे प्लेट साच्यात ओतलेली. कोरणीने कापलेली रेष तळाशी तीक्ष्ण असते. लॉकखालच्या लाकडाच्या खोबणीत कोपऱ्यांत रंग साचला होता. दीडशेहून अधिक वर्षांचं तेल आणि गंज असा रंग धरत नाही.

पैसे मात्र परत मिळाले नाहीत. ‘पॅरिस, 1840’ हे शब्द ईमेलपुरतेच होते. बिलावर फक्त ‘जुनी सुशोभित शिकारी बंदूक’ असं लिहिलेलं, आणि खाली विकलेला माल परत न घेण्याची अट. त्यामुळे बिलावरच घडणीचं ठिकाण, काळ, बदललेले भाग आणि किती दिवसांत परत करता येईल हे लिहून घ्या, आणि पैसे त्यानंतरच पाठवा. लिलावाच्या यादीत ‘अमुक कारागिराच्या शैलीतील’ असं असेल, तर ती त्या कारागिराची आहे असा दावा कुणी केलेलाच नसतो.

भारतातल्या गिऱ्हाइकाला आणखी एक थाप मारली जाते: ‘शंभर वर्षं जुनी आहे, परवाना लागत नाही.’ 1959च्या शस्त्र कायद्यातल्या कलम 45ची सवलत नुसत्या वयावर मिळत नाही. हत्यार कालबाह्य घडणीचं, पुरातन मूल्याचं किंवा नादुरुस्त तर हवंच, शिवाय ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशा अवस्थेत असावं लागतं. घोडे नीट पडताहेत आणि नळ्या शाबूत आहेत अशी बंदूक त्यात बसत नाही, आणि परदेशातून आणायची तर आयातीचा परवाना आधी काढावा लागतो.