टायर मोठे टाकलेत, आता क्राउन-पिनियन बदलायचे का? कुर्टीच्या गॅरेजचा अनुभव

माझी जुनी थार सीआरडीई आहे, घर फोंड्यात आणि कुळागर (सुपारी-नारळाची बाग) सावईवेऱ्याच्या बाजूला, म्हणजे गाडी रोज थोडी डांबरावर आणि थोडी लाल चिखलात. मूळचे २३५/७० आर १६ टायर झिजले तेव्हा २६५/७५ आर १६ टाकून घेतले, स्टेपनी धरून पाच. टायरवाला म्हणाला काही फरक पडत नाही, गाडी जरा उंच दिसेल एवढंच. फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. पहिल्याच आठवड्यात चार माणसं घेऊन चोर्ला घाट चढलो तर जिथे तिसऱ्यात आरामात जायचो तिथे गाडी दम टाकायला लागली, दुसरा टाकला की इंजिन ओरडतं आणि तिसरा टाकला की टर्बो झोपतो, मधलं काही उरलंच नाही. कुळागराच्या रस्त्यावर रिव्हर्स घेताना हाफ क्लच धरावा लागला आणि क्लचचा जळका वास आला.

मग दोन रात्री फोनवर शोधून मी ठरवूनच टाकलं की दोन्ही एक्सलचे गिअर, म्हणजे शाफ्टची ताकद चाकांकडे वळवणारी क्राउन-पिनियनची दातेरी जोडी, बदलायचे, आणि कुर्टीतल्या एका छोट्या गॅरेजमध्ये गेलो. पत्र्याची शेड, दोन पोरं आणि एक वयस्क मेस्त्री. मी आल्या आल्या ४.१० चे सेट (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ४.१० फेऱ्या) कुठे मिळतील विचारलं. मेस्त्रींनी आधी चहा सांगितला, मग म्हणाले, "पात्रांव, आदीं चलोवन पळयात, मागीर गियराचें पळोवया." म्हणजे आधी चालवून बघा, गिअरचं नंतर बघू. खरं सांगतो, तेव्हा मला वाटलं हे काम टाळतायत.

पण त्यांनी गाडी घेतली. पुढच्या चाकांना दगड लावले, मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, गाडी न्यूट्रलला, प्रोपेलर शाफ्टवर खडूची एक रेघ आणि दोन्ही टायरवर एकेक रेघ. दोन पोरांनी दोन चाकं एकदम बरोबर एक फेरी फिरवली आणि मेस्त्री खाली झोपून शाफ्टच्या फेऱ्या मोजत होते. एक, दोन, तीन, आणि मग पाऊण फेरीच्या किंचित आत रेघ थांबली. म्हणजे रेशो ३.७३. मग जुन्या टायरची उंची साधारण ७३५ मिलिमीटर आणि नव्याची ८०४, म्हणजे टायर नऊ टक्क्यांहून थोडा जास्त मोठा, आणि ३.७३ ला त्या पटीने भागलं की ३.४१. गाडीत गिअर तेच, पण ती आता ३.४१ असल्यासारखी चालतेय. परत पहिल्यासारखी करायची तर ४.०८ च्या आसपास पाहिजे, म्हणजे माझा ४.१० चा हिशोब चूक नव्हताच.

चूक दुसरीकडे होती. फोर बाय फोर गाडीत पुढचा आणि मागचा रेशो सारखाच लागतो, नाहीतर कोरड्या रस्त्यावर फोर व्हील टाकलं की पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि काहीतरी तुटतं. म्हणजे दोन क्राउन-पिनियन, दोन्हीकडची बेअरिंगं, सील, शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या), आणि वर मजुरी. त्यांनी कागदावर मांडून दाखवलं तेव्हा आकडा पाच टायरांच्या बिलापेक्षा मोठा झाला. आणि त्यांनी मला विचारलं की तुम्ही पाचवा गिअर कुठे वापरता? मी खरंच विचार केला. फोंडा ते पणजी, फोंडा ते कुळागर, कधीतरी बेळगाव. चिखलात तर लो रेंज (फोर व्हीलचा हळू पण जास्त ताकदीचा गिअर) आहेच, तिथे नऊ टक्के कमी झाले तरी गाडी मुंगीसारखी चढते. म्हणाले दोन महिने एक गिअर खाली ठेवून चालवा, रिव्हर्सला चढ असेल तर सरळ लो टाका, हाफ क्लच नको, आणि टायरमधली हवा बघा. तपासणीचे चारशे रुपये घेतले.

दोन महिने झाले आणि मी गिअर बदलले नाहीत, बदलणारही नाही. पाचवा मी विसरलोय म्हटलं तरी चालेल, चौथाच आता टॉप. घाटात दुसरा लवकर टाकतो. ॲव्हरेज पडल्यासारखं वाटलं होतं पण मीटरच कमी किलोमीटर मोजतो हे लक्षात घेतलं तर फार पडलेलं नाही. स्पीडचंही तसंच, आधी मीटर ६० दाखवायचा तेव्हा फोनवर ५७ यायचे, आता ६० ला ६२ येतात, म्हणजे चलान आणि सर्व्हिस दोन्हीकडे लक्ष ठेवायला लागतं. एक गोष्ट मात्र गिअर बदलूनही सुटली नसती, ब्रेक. टायर जड आणि उंच, गाडी थांबायला जास्त जागा घेते, पावसात तर जाणवतंच, मी अंतर वाढवलंय. आणि इन्शुरन्सवाल्याला कळवून ठेवा, आरसीबुकात नसलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येऊ शकतो.

या गॅरेजला मी पूर्ण मार्क देतो याचं अजून एक कारण आहे. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा चिरे वाहणारा एक पिकअप आत उभा होता, मोठे टायर टाकलेला, आणि त्याचे गिअर मेस्त्री स्वतःच बदलत होते. त्याला रोज भरलेली गाडी खाणीतून चढवायची, लो रेंज नाही, एकाच एक्सलचं काम, आणि दोनदा क्लचप्लेट जळालेली. तिथे त्यांनी चालवून बघा म्हटलं नाही. दात एकमेकांवर कुठे टेकतात ते बघायला क्राउनच्या दातांना पिवळी पेस्ट लावून फिरवली तर खूण दाताच्या टोकाकडे आली, सगळं खोललं, पिनियनखालची शिम बदलली, परत बसवलं, परत डायल गेज लावून दातांमधला खेळ मोजला. खूण अजून मनासारखी नव्हती म्हणून तिसऱ्यांदा खोललं. पिकअपवाला बाहेर घाई करत होता, मेस्त्रींनी वर पाहिलंसुद्धा नाही. तिसऱ्या वेळी पिवळ्यातला चकचकीत ठिपका दाताच्या बरोबर मधे आला तेव्हाच त्यांनी तेलाचा डबा मागवला, आणि पिकअपवाल्याला सांगितलं की पहिले पाचशे किलोमीटर चिरे भरायचे नाहीत आणि मग तेल बदलायला यायचं.

पावसाळ्यात गर्दी असते, आधी फोन करून जा. रविवारी बंद.