लाकडी अक्षरांचा संच घेतला, पण त्यात ‘ळ’ नाही

जूनमध्ये वर्ग सुरू होताना बेळगावातल्या गणपत गल्लीतून लाकडी मुळाक्षरांचा संच आणला, ७८० रुपयांना. आमची बालवाडी शहापूर भागात, मुलं अठरा. एका मुलीला फार कमी दिसतं, एका मुलाला ऐकू येत नाही, एकाचे हात ताठर आहेत, एक स्वमग्न आहे. सगळ्यांना एकत्र बसून हाताळता येईल असं काहीतरी हवं होतं. पाच महिने रोज वापरून मग लिहितेय.

आधी चांगलं सांगते. अक्षरं तळहाताएवढी, जाड, कडा नीट घासलेल्या. वरून पॉलिश पेपरचा खरखरीत थर. कमी दिसणारी मुलगी दोन बोटांनी ‘ग’ गिरवते, काना खाली उतरला की तिथेच बोट थांबवते आणि मोठ्यानं सांगते, “ग!” पाटीवर खडूनं काढलेला ‘ग’ तिला कधीच सापडला नव्हता. ट्रे मात्र अक्षरांसारखाच पिवळट, त्यामुळे तिला अक्षर वेगळं दिसेना. मी ट्रेला फळ्याचा काळा रंग दिला, तेव्हा जमलं.

ऐकू न येणाऱ्या मुलाला प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात. म्हणून ‘ब’ हातात दिला की त्याचा दुसरा हात माझ्या गळ्यावर ठेवते. ‘ब’ला थरथर लागते, ‘प’ला नाही. ‘म’ला बोट नाकाच्या बाजूला. आता इतर मुलंही एकमेकांच्या गळ्याला हात लावून बघतात.

खरखरीतपणा सगळ्यांना मानवतो असं मात्र नाही. स्वमग्न मुलानं पहिल्या दिवशी हात मागे घेतला आणि कानांवर ठेवला. त्याच्यासाठी मखमलीची अक्षरं कापली, ती तो तासभर सोडत नाही. ताठर हातांच्या मुलाला अक्षर उचलताच येत नव्हतं. ड्रॉवरच्या मुठी आणून दहा अक्षरांवर बसवल्या. मुलं अक्षरं पालथी मांडत होती, तर मागच्या बाजूला साडीच्या काठाच्या चिंध्या चिकटवल्या. साड्या विणणाऱ्या शहापूर-वडगावात चिंध्यांना काय तोटा! काठ दिसला की मूल स्वतःच अक्षर पालटतं.

बाणांबद्दल माझी तक्रार आहे. प्रत्येक अक्षरावर पहिला बाण शिरोरेघेवर छापलाय. आम्ही आधी अक्षर आणि रेघ शेवटी शिकवतो. बाणांवर कागद डकवावे लागले.

आणि खरं दुखणं पुढे आहे. खोक्यावर ठळक ‘मराठी’ लिहिलंय, आत ‘क’ ते ‘ज्ञ’ छत्तीस व्यंजनं, पण ‘ळ’ नाही. ‘ल’ आणि ‘श’सुद्धा हिंदी वळणाचे. ॲ, ऑ नाहीतच. हिंदीचा संच नुसतं खोकं बदलून विकलाय, हे स्पष्ट आहे. अहो, शाळा, फळा, खेळ, बाळ, केळं, डोळा, बालवाडीचा अख्खा दिवस ‘ळ’वर चालतो! “बेळगाव लिहू की बाई,” म्हणत एक पोरगी ट्रे उपसत बसली आणि मग माझ्याकडे बघत राहिली. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, “कुणी तक्रार केली नाही.” हे ऐकून मला वाईट वाटलं.

गल्लीतल्या सुताराकडून प्लायचा ‘ळ’ कापून घेतला, त्यावर पॉलिश पेपर लावला. शिवाय गणपतीच्या कारखान्यातून उरलेली शाडू आणली. मुलांनी सापासारख्या वळ्या करून, दोन्ही टोकं वळवून अठरा ‘ळ’ केले. कानडी घरातलं एक पोर लगेच म्हणालं, “बाळे!” म्हणजे केळं. मग दुसऱ्यानं “मळे” म्हटलं, पाऊस. कानडीतही ‘ळ’ आहे आणि आमच्या गावाचं नाव दोन्ही भाषांत त्याच्याशिवाय लिहिता येत नाही. तेव्हापासून त्याच ट्रेत कानडी अक्षरंही शाडूची करून ठेवतो.

तर, लाकूड चांगलं आहे, टिकाऊ आहे, पाच महिन्यांत एकही अक्षर तुटलं नाही. घ्यायचा असेल तर दुकानातच खोकं उघडा, आधी ‘ळ’ शोधा, मग ‘ल’, ‘श’ बघा. नसेल तर किंमत पाडून मागा. सुतारानं माझ्याकडून ‘ळ’चे साठ रुपये घेतले.