अमोनियाचा जुना व्हॉल्व्ह: पॅकिंग बदलायचं की व्हॉल्व्हच?

नागपुरात कळमन्याकडच्या मिरचीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गारव्यासाठी अमोनिया फिरतो. त्याचा व्हॉल्व्ह गळायला लागला, तर हा प्रश्न हिवाळ्यातच सोडवावा लागतो. एकदा माल आत भरला आणि ऊन चढलं, की प्लांट बंद ठेवायला कोणी तयार होत नाही.

आधी गळती नेमकी कुठून आहे ते बघा. ओला लाल लिटमस कागद स्पिंडलभोवती (चाकाच्या दांड्याभोवती), बॉनेटच्या (व्हॉल्व्हच्या वरच्या झाकणाच्या) जोडावर आणि फ्लँजवर (पाइपाच्या बोल्टच्या जोडावर) धरा. निळा पडला तिथे अमोनिया आहे. नाकावर विसंबू नका. रोज त्याच वासात वावरणाऱ्याला हलकी गळती जाणवतच नाही, आणि हवेत ३०० पीपीएम (दहा लाख भागांत ३०० भाग) अमोनिया म्हणजे जिवाशी खेळ.

गळती फक्त ग्लँडमधून, म्हणजे स्पिंडल जिथून बाहेर येतो तिथून असेल, तर तिथे भरलेलं पॅकिंग बदलणं स्वस्त पडतं. पाइप कापायचा नाही, वेल्डिंग नाही. पण जुनं पॅकिंग काढल्यावर स्पिंडलवरून नख फिरवून बघा. नख अडकलं तर नवं पॅकिंगही लवकरच झिजणार. नुसता ग्लँड नट आवळत राहणं तर सगळ्यात वाईट. मीही एकदा तेच केलं: वास थांबला, पण चाक इतकं जड झालं की रात्रपाळीचा ऑपरेटर त्यावर पाइप लावून ते फिरवायचा. घाईच्या वेळी तो पाइप शोधणार कोण?

व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की बॅकसीट (पॅकिंगकडे जाणारा गॅस अडवणारी आतली बैठक) धरते, मग चालू लाइनवरच पॅकिंग बदलता येतं, असं काही मिस्त्री सांगतात. नव्या व्हॉल्व्हचं ठीक आहे. जुन्याची बॅकसीट झिजलेली असू शकते. लाइन रिकामी केल्याशिवाय हात लावू देऊ नका.

बंद करूनही व्हॉल्व्हमधून अमोनिया पुढे जात असेल, किंवा इन्सुलेशन सोलल्यावर बॉडीवर गंजाचे पापुद्रे निघत असतील, तर पॅकिंगवर पैसे घालू नका. नवा घ्या. त्यात पितळी भाग नको, अमोनिया तांब्याला खातो. पंप डाउन (लाइनमधला अमोनिया ओढून रिसीव्हरच्या टाकीत साठवणं), वेल्डिंग, प्रेशर टेस्ट धरून दोन-तीन दिवस मोकळे ठेवा.

पैसे एकाच व्हॉल्व्हपुरते असतील, तर मी रिसीव्हरचा किंग व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतून बाहेर जाणाऱ्या लाइनचा मुख्य व्हॉल्व्ह बदलेन. त्याच्या पुढचा पाइप फुटला तर पहिला हात त्यावरच जातो. बाकीच्यांचं पॅकिंग करून प्रत्येकावर तारखेचा टॅग लावा, आणि महिन्यातून एकदा चाक थोडं फिरवून बघायला ऑपरेटरला सांगा.