फिश शेल: कमांड लाईन पहिल्यांदा शिकणाऱ्यांच्या हातात हाच द्या

गोव्यातल्या डिचोलीत आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत संध्याकाळी जमेल तसं कॉम्प्युटर शिकवणं चालतं, फी वगैरे काही नाही, येणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. देवस्थान कमिटीचे हिशेब बघणारे एक काका आहेत, भजनाची रेकॉर्डिंग जमवणाऱ्या एक वहिनी आहेत, एक रिटायर्ड मास्तर, आणि परीक्षा नसेल तेव्हा बारावीची दोनतीन पोरं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसरही साधारण आठव्या पिढीचा तरी लागतो, आमच्याकडच्या जुन्या मशीनमध्ये दोन्ही नाही, म्हणून सगळ्यांवर विंडोजच्या जागी चालणारा फुकटचा लिनक्स मिंट टाकला, त्यातला एक्सएफसीई डेस्कटॉप वाला कारण तो हलका. आणि लिनक्स आला की कधी ना कधी टर्मिनल उघडायची वेळ येतेच, तर त्या टर्मिनलमध्ये नवख्या माणसाला काय द्यायचं याबद्दल हा रिव्ह्यू. माझं मत आता पक्कं झालंय, फिश द्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी, आणि त्या खिडकीत आपण टाईप केलेलं वाचून कामाला लावणारा प्रोग्राम म्हणजे शेल. मिंटमध्ये मुळात बॅश असतो, १९८९ पासूनचा, मजबूत, सगळीकडे सापडणारा. फिश हा दुसरा शेल, २००५ मध्ये आलेला, फुकट आणि ओपन सोर्स. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याचा ४.० आला, त्यात आतला सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेतला कोड रस्ट या नव्या भाषेत परत लिहिलाय, म्हणजे प्रोजेक्ट जिवंत आहे, कोणी अर्धवट सोडून दिलेलं काम नाही हे, आणि शिकवायला एखादी गोष्ट घेताना मी हे आधी बघते.

आता कमांड लाईन, म्हणजे असं टाईप करून काम करणं, कशाला, माऊस आहे की, असं सगळेच विचारतात आणि विचारणं बरोबर आहे. रोजच्या कामाला माऊसच बरा. पण काकांकडे देवस्थानचे फोटो होते, शिगम्याचा रोमटामेळ, चवथीची माटोळी, पालखी, सगळं एकाच फोल्डरमध्ये कॅमेऱ्याने दिलेल्या आकड्यांच्या नावाने पडलेलं, हजारोंनी, वर त्यात पावत्यांची पीडीएफ मिसळलेली. हे माऊसने एकेक ओढत बसलं तर मनगट दुखतं आणि निम्म्यात कंटाळा येतो. कमांड लाईनवर सगळ्या पीडीएफ एका फोल्डरमध्ये हलवणं म्हणजे एक ओळ. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की माणूस शिकायला तयार होतो, त्याला बाकी भाषण द्यावं लागत नाही.

अडचण टायपिंगची नसते हो. आमच्या काकांनी आयुष्यभर टाईपरायटर चालवलाय, स्पीड माझ्यापेक्षा जास्त. अडचण असते एंटरची. टाईप करून झालं की बोट एंटरच्या वर अधांतरी थांबतं, कारण दाबल्यावर काय होणार ते कळत नाही, आणि बॅश दाबेपर्यंत एक अक्षर बोलत नाही, बरोबर लिहा चूक लिहा, सगळं एकाच रंगात. फिश एंटर दाबायच्या आधी बोलतो. माझ्या दृष्टीने त्याची सगळी किंमत यात आहे.

म्हणजे कसं, तर अस्तित्वात नसलेली कमांड टाईप केली की ती तांबडी दिसते, आणि बरोबर झाली की लगेच रंग बदलतो. पहिल्याच दिवशी काकांनी विचारलं, "बाय, हे तांबडं कित्याक?" आणि मी उत्तर द्यायच्या आधीच त्यांनी मधलं जास्तीचं अक्षर खोडलं आणि तांबडं गेलं. मी काही शिकवलंच नाही. त्यानंतर फाईलचं नाव, ते नाव खरंच त्या जागी असेल तर फिश त्याच्याखाली रेघ मारतो, नसेल तर रेघ नाही. ही रेघ सुरुवातीला कोणाच्या लक्षातच येत नाही, मुद्दाम दाखवायला लागते, पण एकदा कळली की नवखा माणूस एंटरच्या आधी ओळीवरून डोळे फिरवायला लागतो, रेघ आहे का, तांबडं काही राहिलंय का. ही सवय लागणं म्हणजे निम्मं शिक्षण.

दुसरी गोष्ट टॅब. बॅशमध्येही टॅब दाबून नाव पूर्ण होतं, पण फिश पर्याय दाखवताना शेजारी अर्थही दाखवतो. वहिनी रेकॉर्डिंग एका फोल्डरमधून दुसरीकडे हलवत होत्या, त्यासाठी एमव्ही ही कमांड, आणि एमव्हीची खोड अशी की तिकडे त्याच नावाची फाईल आधीच असेल तर ती न विचारता पुसून वर बसते. वहिनींनी एमव्ही लिहून एक डॅश देऊन सहज टॅब दाबला तर खाली यादी उघडली, आणि त्यात आय या पर्यायापुढे लिहिलेलं की वर लिहायच्या आधी विचारेन. त्यांनी तो तिथल्या तिथे वापरला आणि दोन वेगळ्या वर्षांच्या एकाच नावाच्या दोन भैरव्या वाचल्या. हे पर्याय फिश बरेचसे कमांडच्या मॅन्युअल पानांमधूनच उचलतो, म्हणून कधी नाव न ऐकलेल्या कमांडलाही काही ना काही दाखवतोच. मॅन्युअल पान स्वतंत्र उघडून वाचा म्हटलं की नवखा माणूस पहिल्या स्क्रीनवरच गळतो, इथे तीच माहिती तो टाईप करतोय त्याच जागी येते.

स्टारचं सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होणार नाही. स्टार डॉट पीडीएफ म्हणजे या फोल्डरमधल्या सगळ्या पीडीएफ, हे समजतं सगळ्यांना, पण सगळ्या म्हणजे नेमक्या कोणत्या ते दिसत नाही आणि तिथेच पोटात गोळा येतो. फिशमध्ये स्टार लिहून टॅब दाबला की त्या स्टारच्या जागी खऱ्या फाईलींची नावं ओळीत येऊन बसतात (खूपच जास्त असतील तर नाही येत). बघा, वाचा, नको असेल ते खोडा, मग एंटर. आणि स्टारला काहीच सापडलं नाही तर फिश कमांड चालवतच नाही, सापडलं नाही म्हणून सांगतो आणि थांबतो.

तरीपण डिलीटच्या बाबतीत फिश काही वाचवत नाही हे स्पष्ट सांगते. आरएम दिलं की फाईल गेली, कचऱ्याच्या डब्यात नाही, गेलीच. कुठलाही शेल घ्या हेच आहे. म्हणून मी नवख्यांना आरएम पहिले काही आठवडे सांगतच नाही, जीआयओ ट्रॅश सांगते, त्याने फाईल ट्रॅशमध्ये जाते आणि माऊसने परत काढता येते.

टाईप करताना पुढे फिकट राखाडी अक्षरांत सूचना येते, आधी तुम्ही जे लिहिलं होतं त्यावरून, आणि उजवा बाण दाबला की ती स्वीकारली जाते. लांब पत्ते असलेल्या फोल्डरांना हे वरदान आहे, मास्तरांचा हात थरथरतो, त्यांना रोज तोच पत्ता परत टाईप करणं जड जातं, त्यांना दोन अक्षरं आणि एक बाण पुरतो. पण इथेच माझ्या दोन तक्रारी. एक, तो राखाडी रंग काळ्यावर इतका पुसट की वय झालेल्या डोळ्यांना दिसत नाही, फिश कॉन्फिग ही कमांड दिली की ब्राऊझरमध्ये पान उघडतं तिथे रंग बदलता येतात, ते शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी करून द्यावं. दुसरी तक्रार जास्त गंभीर, ही सूचना जुन्या इतिहासातून येते, म्हणजे मागे कोणी काही पुसायची कमांड दिली असेल तर तीच आज सूचना म्हणून पुढे येऊ शकते, आणि सवयीने बाण आणि एंटर लागोपाठ दाबला तर संपलं. वर आमच्यासारखं एकाच अकाउंटवर पाच माणसं बसत असतील तर एकाचा इतिहास दुसऱ्याला दिसतो. उपाय आहेत, प्रत्येकाला वेगळं अकाउंट करा, किंवा फिश प्रायव्हेट मोडमध्ये सुरू करा म्हणजे इतिहास साठत नाही, आणि धोक्याची कमांड देताना सुरुवातीला एक स्पेस सोडा म्हणजे ती इतिहासात राहत नाही. हे मी सगळ्यांना सांगते.

सगळ्यात मोठी कमतरता, बाहेरचे सल्ले जसेच्या तसे चालत नाहीत. नेटवर जे काही सापडतं ते नव्वद टक्के तरी बॅशसाठी लिहिलेलं असावं असं वाटतं, आणि फिशची भाषा थोडी वेगळी आहे. साध्या एका ओळीच्या कमांडला फरक पडत नाही, दोन कमांडमध्ये अँड अँड (&&) टाकणं वगैरे फिश ३.० पासून चालतं. पण फॉर डू डन असा लूप, म्हणजे तेच काम परत परत करून घेणारा तुकडा, चिकटवला तर फिश एरर देतो, त्याच्याकडे डू नाही आणि शेवट एंडने करायचा असतो. व्हेरिएबलमध्ये, म्हणजे एखाद्या नावाखाली, काही साठवायलाही इक्वल टूचं (=) चिन्ह चालत नाही, सेट लिहायला लागतं, तसं तो स्वतः एररमध्ये सांगतोही, आणि एररची भाषा बऱ्यापैकी माणसाळलेली आहे. बारावीच्या पोरांना हे जास्त लागतं कारण ती नेटवरून उचलून चिकटवतात. त्यांना मी सांगितलंय, बॅश असं टाईप करून एंटर दाबा, चिकटवायचं ते चिकटवा, झालं की एक्झिट, परत फिशमध्ये. फाईलच्या पहिल्या ओळीत बॅशचं नाव असलेल्या तयार स्क्रिप्टला काही अडचण येत नाही, त्या बॅशनेच चालतात. पुढे जाऊन ज्याला सर्व्हरवर नोकरी करायची आहे त्याला बॅश शिकावाच लागणार, पण ते पुढे. भीती गेल्यावर बॅश शिकणं आणि भीती असताना बॅश शिकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, मी दोन्ही प्रकारची माणसं शिकवलीत.

मराठी नाही. सगळे अर्थ, सगळे एरर इंग्रजीत. इतर काही भाषांत थोडं भाषांतर झालंय, मराठीत आणि कोंकणीत नाही, आणि मला हे मनापासून लागतं, कारण टॅबच्या यादीतली ती छोटी छोटी वाक्यं मराठीत असती तर मास्तरांना माझी गरजच राहिली नसती. देवनागरी नावांच्या फाईली मात्र फिश नीट सांभाळतो, माटोळी असं नाव दिलेलं फोल्डर पहिलं अक्षर लिहून टॅब दाबला की पूर्ण होतं. दिसायला काना मात्रा वेलांटी थोडी इकडेतिकडे होतात पण तो दोष टर्मिनलच्या खिडकीचा, बऱ्याच टर्मिनलना आपली जोडाक्षरं नीट मांडता येत नाहीत, फाईलचं नाव आत बरोबरच असतं.

आणखी एक छोटी चीज जी मला फार आवडते, ॲब्रिव्हिएशन, म्हणजे आपण ठरवून दिलेलं छोटं रूप. ते एकदा ठरवून दिलं की एमव्ही लिहून स्पेस दिल्यावर त्याचं आपोआप एमव्ही डॅश आय होतं, आणि ते डोळ्यांसमोर होतं, लपून नाही. म्हणजे वाचवणारा पर्याय रोज दिसून दिसून पाठ होतो. फक्त ३.६ पासून ही व्यवस्था कायम ठेवायची तर कॉन्फिग फाईलमध्ये लिहायला लागते, नुसती एकदा टाईप केली तर खिडकी बंद झाल्यावर जाते.

गोव्यात केअर्स योजनेतून सहावी ते आठवीच्या पोरांना शाळेत कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवतात, ही चांगलीच गोष्ट आहे. तिथल्या शिक्षकांपैकी कोणी हे वाचत असेल तर माझी विनंती, पोरांना टर्मिनल दाखवायची वेळ आली की फिश लावून दाखवा, स्क्रीनवर ब्लॉक जोडून कोडिंग शिकलेल्या पोराला चूक लगेच दिसायची सवय असते, बॅशच्या गप्प खिडकीपुढे ते हिरमुसतं.

लावायचं कसं ते सांगते. मिंटमध्ये सुडो ॲप्ट इन्स्टॉल फिश, सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत, पासवर्ड टाकताना स्क्रीनवर काहीच दिसलं नाही तरी तो टाईप होत असतो हे नवख्याला आधीच सांगून ठेवा. मिंट २२ मध्ये ३.७ मिळतो, ४.० नाही, पण वर लिहिलेलं सगळं ३.७ मध्ये आहे, नव्यासाठी धडपड नको. विंडोजवर फिश सरळ चालत नाही, त्यासाठी आधी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) असं काहीतरी लागतं, नवख्याला त्या वाटेने नेऊ नका. लावल्यावर सीएचएसएच या कमांडने कायमचा शेल बदलू नका, फक्त टर्मिनल उघडून फिश टाईप करायला सांगा, म्हणजे काही बिनसलं तर एक्झिट दिलं की जुना बॅश जागेवर आहे. एक्सएफसीईच्या टर्मिनलमध्ये ऑल्ट आणि एच दाबून टाईप केलेल्या कमांडचं मॅन्युअल पान उघडायचं असेल तर आधी प्रेफरन्सेसमध्ये ॲडव्हान्स्डला जाऊन मेनूच्या ॲक्सेस की बंद करा, नाहीतर हेल्पचा मेनू उघडतो आणि शिकणारा गोंधळतो. फॉन्ट मात्र सगळ्यात आधी मोठा करा.