डांबरी मिश्रणातील हायड्रेटेड लाइम: एक अभिप्राय

चुनकळी विरवून केलेली ही कोरडी भुकटी खडीवरची डांबराची पकड पाण्यात सुटू नये म्हणून विकली जाते. मला मात्र डांबराचे म्हातारपण लांबवण्याचा तिचा दुसरा गुण अधिक मोलाचा वाटतो. हवेतील प्राणवायूमुळे डांबरात कार्बोनिल गट (कार्बन-ऑक्सिजनच्या जोड्या) आणि अस्फाल्टीन (डांबरातील जड, घट्ट घटक) वाढत जाऊन ते ठिसूळ होते व रस्त्याला भेगा पडतात. चुना डांबरातील आम्लधर्मी घटकांना बांधून ठेवत असल्याने हा कडकपणा सावकाश येतो, अर्थात प्रत्येक डांबरात सारख्याच प्रमाणात नव्हे. १६३ अंश सेल्सिअसला ८५ मिनिटे चालणाऱ्या आरटीएफओ चाचणीवर (भट्टीत फिरत्या बाटल्यांमध्ये डांबराचा पातळ थर तापवणे) विसंबून खरेदी करू नये, कारण ती केवळ डांबर व खडी मिसळणाऱ्या प्लांटमधील तापण्याची नक्कल करते. रस्त्यावरील वर्षांचा अंदाज २.१ मेगापास्कल दाबाखालील २० तासांच्या पीएव्ही चाचणीतून (दाबाच्या भांड्यात डांबर गरम हवेत ठेवून) येतो. डांबरात मिसळला जाणारा दुसरा पदार्थ, म्हणजे एसबीएस हा रबरासारखा पॉलिमर, लवचिकता जास्त देतो, पण त्याच्या साखळ्या ऑक्सिडीकरणाने स्वतःच तुटतात, शिवाय तो महाग पडतो. चुन्याची खोट हाताळणीत आहे: धूळ डोळ्यांना व त्वचेला भाजते, आणि पोते उघडे राहिल्यास माल हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा साधी चुनखडीच होतो.